यादवीतली भाकर

एक चौकोनी बिस्किट. लांबीरुंदी जेमतेम तीन इंच, जाडी अर्धा इंच. त्यात मैदा, पाणी आणि जमलं तर मीठ. भाजून, वाळवून ते इतकं टणक झालेलं असे की हाताने मोडत नसे. बंदुकीच्या दस्त्याने ठेचावं लागे. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैनिकाच्या रोजच्या शिध्यात अशी नऊ-दहा बिस्किटं असत. त्याला म्हणत 'हार्डटॅक'. सैनिकांनी त्याला 'दातमोडे', 'लोखंडी पत्रा', 'अळ्यांचा वाडा' अशीही नावं ठेवली होती. काही खोक्यांवर 'बी. सी.' अशी अक्षरं छापलेली असत. ती बिस्किटं भाजल्याची तारीख आहे, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातली, असं पोरं एकमेकांना सांगत आणि तीच बिस्किटं खात.

या युद्धावर इतकं लिहिलं गेलं आहे की एकेका लढाईचा नकाशा पाठ असलेली माणसं अमेरिकेत आजही भेटतात. या प्रकरणात नकाशे फारसे येणार नाहीत. लढाई मोजक्या दिवसांची असते, पोट रोजचं असतं. चार वर्षं दोन्ही बाजूंची लाखो माणसं काय खात होती, घरी काय शिजत होतं आणि ते धान्य कोण पिकवत होतं, हे पाहत गेलं की या युद्धाचा शेवटही अधिक नीट समजतो, असं मला वाटतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८६० च्या शिरगणतीत अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३ कोटी १४ लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती. गुलामीच्या प्रसाराला विरोध करणारे अब्राहम लिंकन त्या वर्षी अध्यक्षपदी निवडून आले, तेव्हा दक्षिणेची राज्यं एकामागून एक फुटून निघाली. अखेर अकरा राज्यांनी 'कॉन्फेडरसी' या नावाने वेगळी चूल मांडली. १२ एप्रिल १८६१ ला त्यांच्या तोफांनी चार्ल्सटनच्या बंदरातल्या फोर्ट सम्टरवर मारा केला आणि युद्धाला तोंड फुटलं. त्यात मेलेल्या सैनिकांचा जुना आकडा ६ लाख २० हजारांचा. अलीकडचे अभ्यासक तो सात लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर नेतात. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश गोळीने मेले नाहीत. ते हगवणीने, विषमज्वराने, गोवराने आणि हिवतापाने मेले.

छावणीतला दिवस पहाटे बिगुलाने उजाडे. हजेरी, मग कवायत, मग लाकूडफाटा आणि पाणी, पुन्हा कवायत, पहारा, पुन्हा कवायत. मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यात असलेल्या जॉन बिलिंग्ज या सैनिकाने पुढे, १८८७ साली, या जगण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं नावच 'हार्डटॅक अँड कॉफी'. त्यातलं शिधावाटपाचं वर्णन वाचताना पंगतीत वाढणाऱ्याच्या हाताकडे पाहणारी माणसं आठवतात. जमिनीवर रबरी पांघरूण अंथरायचं, त्यावर कॉफीचे आणि साखरेचे माणशी सारखे ढीग घालायचे. कुणाला झुकतं माप मिळू नये म्हणून वाटणाऱ्याने ढिगांकडे पाठ करायची आणि एकेक नाव पुकारायचं. शहाणा सैनिक कॉफी आणि साखर एकाच पिशवीत कालवून ठेवी. मुक्काम पडला, चूल पेटली, की त्यातलीच मूठभर उकळत्या पाण्यात. माणशी वर्षाला सोळा किलोंच्या आसपास कॉफी उत्तरेचं सरकार देत होतं. हार्डटॅक तिच्यात बुडवलं की मऊ पडे आणि आतले सोंडे वर तरंगत. ते चमच्याने काढून टाकायचे आणि पुढे खायचं. वेळ असेल तर बिस्किटं गार पाण्यात भिजत घालून डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या चरबीत परतायची. ही त्यातल्या त्यात चैन.

झोपायला प्रत्येकाजवळ अर्धा तंबू असे. कापडाच्या कडेला गुंड्या आणि काजी. दोघांनी आपापले अर्धे जोडायचे, दोन काठ्यांवर ताणायचे आणि आत शिरायचं. जोडीदार मेला तर रात्रीच्या निवाऱ्यासाठी नवा जोडीदार शोधावा लागे. हिवाळ्यात सैन्य एका जागी थांबलं की ओंडक्यांच्या झोपड्या उभ्या राहत. चिखलाने लिंपलेली धुराडी असत आणि त्यांच्या टोकाला बूड काढलेली पिंपं बसवलेली.

दक्षिणेच्या सैनिकाच्या ताटात मैदा कमी आणि मका जास्त. मक्याचं भरड पीठ, कधी डुकराची चरबी, भुईमुगाच्या शेंगा, वाटेतल्या शेतातलं जे मिळेल ते. कॉफी तर नव्हतीच, कारण लिंकननी १८६१ च्या एप्रिलमध्येच दक्षिणेच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली होती. भाजलेलं राय, रताळ्याच्या चकत्या, ओकची फळं, चिकोरी असं काहीही भाजून, कुटून, उकळून 'कॉफी' म्हणून पीत. दक्षिणेकडे तंबाखू मात्र भरपूर होती आणि उत्तरेच्या पोरांना तिचीच चणचण. १८६२-६३ च्या हिवाळ्यात फ्रेडरिक्सबर्गपाशी रॅपाहॅनॉक नदीच्या दोन काठांवर दोन सैन्यं समोरासमोर बसली होती. तिथे सैनिकांनी फळ्यांच्या लहान होड्या केल्या, त्यांना कागदाची नाहीतर फडक्याची शिडं लावली आणि इकडून कॉफी, तिकडून तंबाखू अशी देवघेव सुरू केली. सोबत वर्तमानपत्रंही जात. वरिष्ठांची मनाई होती, तरी होड्या चालूच राहिल्या. आदल्या डिसेंबरात याच गावाबाहेर या दोन सैन्यांनी एकमेकांची हजारो माणसं मारली होती.

त्याच हिवाळ्यात टेनेसी राज्यात मर्फ्रीसबरोजवळ, ३० डिसेंबरच्या रात्री, दोन्ही छावण्यांचे बँड आपापली गाणी चढाओढीने वाजवत होते. मग एका बँडने घराच्या ओढीचं, दोन्हीकडे लाडकं असलेलं एक गाणं धरलं. समोरच्या बँडने तेच उचललं आणि अंधारात दोन्ही सैन्यं एकत्र गायली. सकाळी लढाई जुंपली.

आजाराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचंही मूळ बरंचसं खाण्यापिण्यातच होतं. जंतूंची कल्पना तेव्हा रुजली नव्हती. ज्या ओढ्याचं पाणी प्यायचं त्याच्याच वरच्या अंगाला शौचाचे चर खणलेले असत. खेड्यांतून आलेल्या पोरांना लहानपणी गोवर झालेला नसे. भरतीच्या पहिल्याच महिन्यात पलटणीच्या पलटणी आडव्या पडत. हगवणीइतके सैनिक कुठल्याच शत्रूने मारले नाहीत. शस्त्रक्रियांसाठी क्लोरोफॉर्म आणि ईथर होतं, पण सर्जन रक्ताळलेला हात त्याच बादलीत बुडवून पुढच्या टेबलाकडे वळे. गोळी हाडात शिरली की हाड चुरा होई, म्हणून हात-पाय कापण्याला पर्याय नसे.

आता घराकडे वळू. घर आणि छावणी यांना बांधून ठेवणारी दोरी होती पत्राची. दोन्ही बाजूंच्या बहुतेक गोऱ्या सैनिकांना लिहिता-वाचता येत होतं, ही त्या काळच्या जगात मोठीच गोष्ट. तिकिटाला पैसे नसतील तर उत्तरेचा सैनिक पाकिटावर 'सैनिकाचं पत्र' असं लिही आणि टपालखर्च घरचे भरत. जुलै १८६३ पासून उत्तरेच्या मोठ्या शहरांत टपाल घरपोच, फुकट मिळू लागलं. त्याआधी कचेरीत जाऊन रांगेत उभं राहावं लागे. पुढल्या वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. सैनिकाचा पगार महिना १३ डॉलर, तोही कित्येकदा महिनोन्महिने थकलेला. त्यातला बराचसा घरच्या दुकानदाराच्या उधारीत जाई. १८६४ च्या जूनमध्ये कोल्ड हार्बरच्या हल्ल्याच्या आदल्या संध्याकाळी सैनिक कोट उतरवून शिवत बसलेले दिसले, अशी आठवण उत्तरेचे सरसेनापती ग्रँट यांच्या एका सहायकाने लिहून ठेवली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर ते आपलं नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी पाठीवर टाचत होते. उद्या प्रेत ओळखता यावं आणि घरी कळावं, एवढ्यासाठी. ओळखीचा बिल्ला तेव्हा सरकार देत नव्हतं.

छावणीत येणाऱ्या पत्रांत काय असे? दक्षिणेत दुसऱ्या वर्षापासून त्यांत एकच विषय वाढत गेला. घरात खायला नाही.

याची सुरुवात मिठापासून झाली. दक्षिणेची वर्षभराची बेगमी म्हणजे थंडीत डुक्कर मारायचं आणि मांस मिठात मुरवून, धुरी देऊन टांगायचं. मीठ बरंचसं परदेशातून जहाजांनी येई. नाकेबंदीने ते तुटलं आणि मांस टिकवायची वाटच बंद झाली. मग बायकांनी धुरीघराच्या जमिनी खणल्या. वर्षानुवर्षं टांगलेल्या मांसातून ठिबकलेलं खारं पाणी त्या मातीत मुरलं होतं. ती माती पाण्यात कालवायची, गाळायची, उकळायची आणि तळाशी राहिलेलं करडं मीठ खरवडून घ्यायचं.

मिठापाठोपाठ पैसा गेला. सरकार नोटा छापत सुटलं आणि युद्ध संपेपर्यंत वस्तूंचे भाव सुरुवातीच्या सुमारे नव्वदपट झाले. राजधानी रिचमंडची वस्ती युद्धाआधी ३८ हजार होती, ती कारकून, जखमी, कामगार आणि निर्वासितांनी लाखावर गेली. आसपासचं धान्य सैन्य उचलत होतं. १३ मार्च १८६३ ला जेम्स नदीतल्या एका बेटावरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून जास्त कामगार मेले. त्यांतल्या बहुतेक पोटासाठी कामाला आलेल्या मुली आणि बायका होत्या. त्यानंतर अवेळी जबर बर्फ पडलं आणि रस्ते चिखलाने बंद झाले. अशा वेळी अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांनी २७ मार्च हा दिवस राष्ट्रासाठी उपवासाचा आणि प्रार्थनेचा म्हणून पाळायला सांगितला. ज्या घरांत आठवडाभर धड जेवण नव्हतं, त्या घरांना.

२ एप्रिलच्या सकाळी बायका रस्त्यावर आल्या. आदल्या दिवशी एका चर्चमध्ये त्यांची सभा झाली होती. आधी त्या गव्हर्नर लेचर यांच्याकडे गेल्या. तिथे काही हाती लागलं नाही. तेव्हा कुऱ्हाडी, सुऱ्या, जुनी पिस्तुलं घेऊन त्या बाजाराकडे वळल्या. शेकडोंचा जमाव झाला. मांस, पीठ, बूट, कापड जे मिळेल ते त्यांनी गाडीत घातलं. डेव्हिस स्वतः आले, एका गाडीवर चढले, खिशातले पैसे काढून जमावात फेकले आणि मग सांगितलं की पाच मिनिटांत पांगला नाहीत तर शिपाई गोळ्या घालतील. जमाव पांगला. ही बातमी छापू नका, असं सरकारने शहरातल्या वर्तमानपत्रांना सांगितलं. उत्तरेकडे ती काही दिवसांतच पोहोचली. दोनच आठवडे आधी नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्सबरीत बायकांनी असंच पीठ मिळवलं होतं, आणि मोबीलपासून अटलांटापर्यंत त्या वर्षी हेच घडत राहिलं.

या बायका कुणाच्या होत्या, हे विसरून चालणार नाही. त्या सैनिकांच्याच बायका, आया, बहिणी. दक्षिणेने १८६२ च्या एप्रिलमध्ये सक्तीची भरती आणली, पण त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला सूट दिली. लहान शेतकरणीचा नवरा-मुलगा आघाडीवर, आणि मळेवाल्याचा कारभारी घरी. १८६३ च्या वसंतात सैन्याला जबरदस्तीने धान्य उचलायचा अधिकार मिळाला, शिवाय पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून सरकारात जाऊ लागला. ज्या शेतात नांगर धरायला माणूस नव्हता, तिथलाही. गव्हर्नरांना बायकांची शेकडो पत्रं गेली: माझ्या माणसाला पेरणीपुरतं तरी सोडा. उत्तर आलं नाही की पुढचं पत्र सरळ नवऱ्याला जाई. ते वाचून माणसं रात्री छावणीतून निघून जात. पकडले गेले तर गोळी घातली जाई, हे माहीत असूनही. त्यांना पळपुटे म्हणणं मला जमत नाही. १८६४-६५ च्या हिवाळ्यात वेढ्यात सापडलेल्या पीटर्सबर्गच्या खंदकांतून दक्षिणेचे सैनिक रोज असेच गळत होते.

आणि इथे मूळ प्रश्न येतो. दक्षिणेची भाकर पिकवत कोण होतं? कॉन्फेडरसीच्या सुमारे ९० लाख लोकांत ३५ लाख गुलाम होते. मका, डुकरं, कापूस, खंदकांची माती, रस्ते, लोखंडाच्या भट्ट्या, इस्पितळातली धुणी, सगळं त्यांच्या अंगमेहनतीवर उभं होतं. मालकांनी धरून चालवलं होतं की ही माणसं जागची हलणार नाहीत. २३ मे १८६१ च्या रात्री, युद्धाला दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे होडीने व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या उत्तरेच्या किल्ल्यात आले. त्यांना दक्षिणेच्या तोफखान्याचा मोर्चा बांधायच्या कामावर जुंपलं होतं. मालकाने त्यांना परत मागितलं. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशाने वकील. तो म्हणाला, तुम्हीच या माणसांना मालमत्ता म्हणता, मग शत्रूच्या युद्धकामी लागलेली मालमत्ता जप्त करायचा मला हक्क आहे. कायद्याच्या त्या चिरेतून पुढच्या चार वर्षांत सुमारे पाच लाख माणसं बाहेर पडली. जी मागे राहिली त्यांनीही काम मंदावलं. इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ साली याला सरळ सार्वत्रिक संप म्हटलं. मला तो शब्द पटतो. ज्या हातांनी चूल पेटती ठेवली होती, ते हात काढून घेतले गेले.

पण बाहेर पडणं म्हणजे सुटका नव्हे. उत्तरेच्या छावण्यांभोवती झोपड्यांच्या वस्त्या वाढल्या. उपासमार आणि देवी-गोवराने तिथे माणसं फार मेली. १८६३ पासून काळ्या पुरुषांना सैन्यात घेऊ लागले. सुमारे १ लाख ७९ हजार जण भूदलात लढले आणि प्रदीर्घ काळ त्यांना गोऱ्यांहून कमी पगार मिळाला: महिना १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ वजा. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने तो पगार घ्यायलाच नकार दिला आणि समान वेतनाचा कायदा होईपर्यंत त्यांनी फुकट लढाई केली. घरी बायका-मुलं उपाशी असताना घेतलेला हा निर्णय आहे.

जोसेफ मिलर या काळ्या सैनिकाची साक्ष लेखी स्वरूपात आहे. केंटकीतल्या कॅम्प नेल्सनमध्ये तो भरती झाला तेव्हा बायको आणि चार मुलं त्याच्याबरोबर तिथेच राहतील असं त्याला सांगितलं होतं. २३ नोव्हेंबर १८६४ च्या कडाक्याच्या थंडीत अधिकाऱ्यांनी छावणीतल्या चारशेच्या आसपास बायका-मुलांना गाड्यांत घालून हाकलून दिलं. मिलरचा सात वर्षांचा मुलगा आजारी होता. रात्री बाप सहा मैल चालत निकोलसव्हिलला गेला. त्याचं कुटुंब एका पडक्या सभागृहात होतं आणि मुलगा मेलेला होता. तो रात्रीच छावणीत परतला, कारण तसा हुकूम होता. सकाळी पुन्हा चालत गेला, स्वतः खड्डा खणला आणि पोराला पुरलं. जानेवारीपर्यंत उरलेली मुलं, बायको आणि जोसेफ मिलर स्वतः, सगळे गेले. या हकालपट्टीत शंभराच्या वर बायका-मुलं मेली. तिचा बोभाटा झाल्यावर, मार्च १८६५ मध्ये, काळ्या सैनिकांच्या बायका-मुलांना स्वतंत्र ठरवणारा कायदा झाला.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिच्यामागे मिलरसारखी माणसं उभी आहेत.

महाराष्ट्राशी या युद्धाचा दुसरा धागा कापसाचा. दक्षिणेचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंड पडल्या, तिथल्या लाखो कामगारांवर दानाच्या शिध्यावर जगायची पाळी आली. आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, बॅकबेच्या समुद्रात भराव घालायच्या कंपनीचे शेअर कुठल्या कुठे गेले. शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या नोंदी तेव्हाच्या इंग्रजांनी केल्या आहेत. पण ज्वारीच्या रानात कापूस गेला तसं धान्य महागलं, आणि ज्याच्याजवळ कापूस नव्हता त्याची भाकर आखडली. १८६५ च्या उन्हाळ्यात शांततेची बातमी आली आणि १ जुलैला, वायद्यांच्या दिवशी, मुंबईचा बाजार कोसळला.

पुन्हा अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या काठी. व्हिक्सबर्ग हे नदीच्या उंच काठावरचं शहर. १८ मे १८६३ पासून ग्रँट यांनी त्याला वेढा घातला, तो ४७ दिवस चालला. जमिनीवरून तोफा, नदीतून गलबतांच्या तोफा. गावातली माणसं पिवळ्या भुसभुशीत टेकड्यांत गुहा खणून राहायला गेली. पाचशेच्या आसपास गुहा झाल्या. खणायचं काम बहुतेक काळ्या माणसांनी केलं. बऱ्या घरच्यांनी आत सतरंज्या अंथरल्या, आरसे टांगले. तोफा जेवणाच्या वेळी थंडावत, म्हणून तेवढ्या वेळात बाहेर येऊन चूल पेटवायची. पीठ संपलं तेव्हा सैन्याने चवळी दळून मक्याच्या पिठात मिसळली. त्याचा पाव बाहेरून दगड आणि आतून कच्चा, असा होई. मग खेचराचं मांस आलं, शेवटी काहींनी उंदीर खाल्ले. तिथलं 'डेली सिटिझन' हे वर्तमानपत्र कागद संपल्यावर भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर निघत असे. २८ जूनला शहर लढवणारे दक्षिणेचे सेनापती पेम्बर्टन यांच्याकडे एक निनावी पत्र आलं, 'पुष्कळ सैनिक' अशी सही असलेलं. आशय असा की आम्हाला खायला घालता येत नसेल तर शरण गेलेलं बरं. ४ जुलैला शहर पडलं. आत शिरलेल्या उत्तरेच्या सैनिकांनी आपल्या झोळ्यांतलं हार्डटॅक काढून, कालपर्यंत ज्यांच्यावर गोळ्या झाडत होते त्यांच्या हातात ठेवलं. या प्रकरणाच्या सुरुवातीला ज्या बिस्किटाची नावं सांगितली, तेच बिस्किट.

त्याच आठवड्यात, दीड हजार किलोमीटरवर, पेनसिल्व्हेनियातलं २४०० वस्तीचं गेटिसबर्ग. १ ते ३ जुलै अशी तीन दिवस लढाई झाली. दक्षिणेचं सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरताना त्याने वाटेतल्या काळ्या माणसांना, जन्माने स्वतंत्र असलेल्यांनाही, पकडून गुलाम म्हणून दक्षिणेला पाठवलं. त्यामुळे गेटिसबर्गच्या काळ्या वस्तीतली बहुतेक घरं आधीच ओस पडली होती. गावातला एकच नागरिक लढाईत थेट मारला गेला. वीस वर्षांची जेनी वेड. बहीण बाळंतीण होती म्हणून ती तिच्या घरी आली होती आणि दारात येणाऱ्या सैनिकांसाठी पाव भाजत होती. ३ तारखेच्या सकाळी ती कणीक तिंबत असताना एक गोळी दोन दारं भेदून तिच्या पाठीत शिरली. त्याच कणकेचे पाव दुसऱ्या दिवशी आईने भाजून सैनिकांना दिले, असं सांगतात.

लढाई पुढे सरकली. मागे हजारो प्रेतं, तीन हजारांवर मेलेले घोडे आणि एकवीस हजारांच्या आसपास जखमी राहिले. गावच्या दफनभूमीचा राखणदार पीटर थॉर्न स्वतः सैन्यात होता. त्याचं काम बायको एलिझाबेथ पाहत होती. ती सहा महिन्यांची गरोदर होती. जुलैच्या उकाड्यात, वास सहन न होऊन मदतीला आलेली माणसं पळाली तेव्हा, म्हाताऱ्या बापाला बरोबर घेऊन तिने शंभराच्या आसपास सैनिकांसाठी खड्डे खणले. या कामाचा वेगळा मोबदला तिला कुणी दिला नाही.

कैद्यांचं काय झालं, ते एका शब्दात आपल्यापर्यंत पोहोचलं आहे. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदेत १८६४ च्या ऑगस्टमध्ये २६ एकरांत ३३ हजार माणसं कोंबली होती. कुंपणाच्या आत काही फुटांवर लाकडाची एक ठेंगणी आडवी पट्टी होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घाली. तिचं नाव 'डेडलाइन'. आज कचेऱ्यांत सर्रास वापरला जाणारा शब्द तिथून आला. तिथे दाणे आणि कणसाचा बुरकुंडा एकत्र दळलेलं पीठ खायला मिळे आणि छावणीची घाण वाहून नेणाऱ्या ओढ्याचं पाणी प्यायला. तिथे चौदा महिन्यांत जवळजवळ १३ हजार कैदी मेले. मृतांची सरकारी नोंद ठेवायला बसवलेला डोरन्स ॲटवॉटर हा तरुण कैदी तिची एक नक्कल गुपचूप करत राहिला आणि सुटताना ती कोटाच्या अस्तरात लपवून बाहेर आणली. युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या क्लारा बार्टन यांनी ती यादी घेऊन १८६५ च्या उन्हाळ्यात एकेका थडग्यावर नाव लावून घेतलं. साडेचारशेच्या आसपास सोडले तर सगळ्यांना नाव मिळालं.

२ एप्रिल १८६५ च्या रात्री दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांचं सैन्य पीटर्सबर्ग आणि रिचमंड सोडून पश्चिमेला निघालं. बरोब्बर दोन वर्षांपूर्वी त्याच तारखेला रिचमंडच्या बायका पिठासाठी रस्त्यावर आल्या होत्या. ली यांनी अमीलिया कोर्ट हाउस या ठाण्यावर रसद पोहोचती करायला सांगितलं होतं. ४ एप्रिलला सैन्य तिथे पोहोचलं, आगगाडीचे डबे उघडले, तर आत दारूगोळा. धान्य नव्हतं. एक अख्खा दिवस आसपासच्या शेतांत शिधा मागत फिरण्यात गेला आणि जी काही आघाडी होती ती त्यात संपली. माणसं घोड्यांसाठी ठेवलेला मका भाजून चघळत चालत होती. ८ तारखेला अ‍ॅपोमॅटॉक्स स्टेशनवर रसदीच्या उरलेल्या गाड्याही उत्तरेच्या घोडदळाने पकडल्या.

९ एप्रिलला, रविवारी, ली यांनी विल्मर मॅक्लीन नावाच्या माणसाच्या दिवाणखान्यात शरणागतीवर सही केली. अटी ठरल्यावर ली यांनी दोन गोष्टी काढल्या. आपल्याकडे घोडदळातल्या आणि तोफखान्यातल्या माणसांचे घोडे स्वतःचे असतात, ते त्यांना नेऊ द्यावेत. ग्रँट यांनी विचार केला की यांतले बहुतेक लहान शेतकरी असतील आणि घोड्याशिवाय त्यांना येत्या हिवाळ्यापुरतं पीक काढता येणार नाही. त्यांनी होकार दिला. दुसरी गोष्ट, माझ्या माणसांनी कित्येक दिवस भाजलेल्या मक्याशिवाय काही खाल्लेलं नाही. ग्रँट यांनी २५ हजार माणसांचा शिधा पाठवायला सांगितलं.

मग गावातल्या खानावळीत छपाईची यंत्रं मांडून रात्रंदिवस चिठ्ठ्या छापल्या गेल्या, अठ्ठावीस हजारांच्या आसपास. हा माणूस शपथेवर सुटला आहे, त्याला घरी जाऊ द्यावं, एवढाच त्यावरचा मजकूर. ती चिठ्ठी दाखवली की वाटेतल्या उत्तरेच्या ठाण्यांवर जेवण मिळे आणि सरकारी आगगाडीत, गलबतात फुकट बसता येई. ती खिशात घालून माणसं निघाली. थोडी घोड्यावर, बाकीची पायी. एप्रिल निम्मा सरत आला होता आणि मका अजून पेरायचा होता.